उसनी ऊब

मंडळी, आखातातल्या मराठी घराचं कपाट उघडलं तर त्यात काय नसतं? पैठणी असते, गणपतीत नेसायचं सोवळं असतं, लेझीमच्या वेळचे फेटे असतात, ऑफिसचे ब्लेझर असतात. लोकरीचं म्हणाल तर विमानातल्या नि सिनेमागृहातल्या एसीसाठी ठेवलेली एखादी शाल. बस्स. त्यामुळे डिसेंबरची सुट्टी जवळ आली आणि कुणी जॉर्जियातलं गुदौरी, कुणी स्वित्झर्लंड, कुणी मनाली असं ठरवू लागलं की घरोघर एकच चर्चा सुरू होते. कोट विकत घ्यायचे की भाड्याने? चार माणसांचे कोट, विजारी, बूट पाच दिवसांसाठी घ्यायचे आणि उरलेले तीनशे साठ दिवस ते ठेवायचे कुठे? मुलांचे तर पुढच्या वर्षी अंगालाही येत नाहीत. माझ्यासारखा संगणकवाला लगेच एक्सेल उघडून बसतो, आणि आकडे निमूटपणे भाड्याच्या बाजूने कौल देतात.

हिशेब दोन मिनिटांत संपला. पण कालपर्यंत कुणा अनोळखी माणसाच्या अंगावर असलेला कोट पैसे मोजून चार तास आपल्या अंगावर घालायचा, ही रीत आली कुठून हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून वाचायला लागलो. बर्फाच्या प्रवासाची गोष्ट आपण नेहमी जहाजं, विमानं, घाटरस्ते आणि सिनेमे यांच्या अंगाने सांगतो. ती कोटाच्या अंगाने सांगून पाहिली तर बरीच निराळी दिसते.

मुळात आपल्या मुलखाला कोट लागतच नाही. देशावर दख्खनी मेंढीची खरखरीत लोकर आणि सणगरांनी विणलेली घोंगडी; तीच पांघरायची, तीच पावसात डोक्यावर घ्यायची, तीच अंथरून जेवायलाही बसायचं. कोकणात तेवढ्याचीही गरज नाही. पुण्या-नाशकात जानेवारीत चार दिवस पारा उतरतो तेव्हा स्वेटर निघतात. माझ्या पिढीच्या बहुतेकांचा पहिला विकतचा स्वेटर तिबेटी बायकांकडून घेतलेला असेल. १९५९ नंतर तिबेटमधून आलेले निर्वासित दर हिवाळ्यात भारतभरच्या शहरांत रस्त्याच्या कडेला लोकरी कपड्यांची रांग लावू लागले. आम्हाला तो माल थेट ल्हासाहून आल्यासारखा वाटे. प्रत्यक्षात तो बहुतेक लुधियानाच्या गिरण्यांतला असायचा, हे पुष्कळ उशिरा कळलं. असो. सांगायचा मुद्दा असा, की बर्फात घालायचं वस्त्र मराठी घरात कधी नव्हतंच. ज्याला बर्फात जायचं, त्याला ते कुठून तरी मिळवावं लागणार.

आणि ज्यांना ते मिळालं नाही, त्यांच्यापासूनच ही गोष्ट सुरू करायला हवी. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोटीत बसल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या, उन्हाळा न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी गेला आणि शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झालं. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या जाहीर सभेत त्यांनी सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्या काळात या वाक्याचा रोजचा अर्थ दोनच गोष्टींत मोजला जाई: ताटात काय आणि अंगावर काय. मांस खायचं नाही आणि साडी सोडायची नाही.

पण फिलाडेल्फियाचा हिवाळा शून्याच्या खाली जातो आणि नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्या उन्हात, शेतात, जिन्यांवर वावरायला नऊवारीसारखं सोयीचं वस्त्र नाही. बर्फात मात्र तीच सोय अंगावर येते. आनंदीबाईंनी यावर जो मार्ग काढला तो मला फार विलक्षण वाटतो. त्यांनी साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली. गुजराती पद्धतीची, पाय घोट्यापर्यंत झाकणारी साडी त्या नेसू लागल्या. म्हणजे दिलेला शब्द पाळायचा आणि थंडीलाही तोंड द्यायचं, यातली जी काही हातभर जागा होती तेवढी त्यांनी वापरली. १० ऑक्टोबर १८८५ चा एक प्रसिद्ध फोटो आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या के ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली अशा तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. आज आपण तो अभिमानाने एकमेकांना पाठवतो. हिवाळ्याच्या तोंडावर तो काढला आहे, हे लक्षात ठेवून पुन्हा एकदा बघा.

११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. वर्षाअखेर आनंदीबाई मायदेशी परतल्या त्या आजारी होऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय बावीससुद्धा पूर्ण नव्हतं. आजार क्षयाचा. क्षय थंडीने होत नाही, जंतूने होतो. रॉबर्ट कॉखने तो जंतू शोधून काढला १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या एकच वर्ष आधी. त्यामुळे एका कोटाने त्या वाचल्या असत्या असं म्हणणं हा भाबडेपणा होईल. पण अपुरं, न मानवणारं अन्न आणि सततची थंडी यांनी आधीच नाजूक असलेली प्रकृती पोखरली, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदलेलं आहे.

दहा वर्षांनी, ३१ मे १८९३ ला, स्वामी विवेकानंद मुंबईहून निघाले. खेत्रीच्या राजेसाहेबांच्या कृपेने अंगावर रेशमी झगा, डोक्याला रेशमी फेटा आणि हातात पहिल्या वर्गाचं तिकीट. सगळ्यांनी सगळ्याचा विचार केला होता, लोकरीचा कुणालाच सुचला नाही. योकोहामाहून व्हँकुव्हरला जाताना उत्तर पॅसिफिकच्या थंडीने ते बोटीवर कुडकुडले, तेही ऐन जुलैत. उलट गंमत गांधीजींची. १८८८ साली विलायतेत उतरताना घालायला म्हणून त्यांनी पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट राखून ठेवला होता. बोटीतून उतरले तेव्हा शरद ऋतू लागलेला, आणि धक्क्यावर पांढऱ्या कपड्यातला इसम एकटाच. थंडी एक वेळ सोसते, लोकांच्या नजरा सोसत नाहीत.

या नजरांमुळेच विलायतेत कपडे भाड्याने देण्याचा धंदा सुरू झाला. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये मॉस नावाच्या घराण्याचं १८५१ पासूनचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं. चार्ल्स पाँड नावाचे एक शेअर दलाल डबघाईला आले आणि बड्या लोकांच्या मेजवान्यांत गाणी-नकला करून पोट भरू लागले. मेजवानीला जायचं तर काळा सूट हवा आणि तो घ्यायला पैसे नाहीत. दुकानाचे मालक आल्फ्रेड मॉस त्यांचे स्नेही. ते सूट उसना देत राहिले. पुढे पाँडसाहेबांच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की मॉस यांनी दर वेळचे साडेसात शिलिंग लावले. साल १८९७. कर्जबाजारी माणसाची अब्रू झाकायला सुरू झालेला हा व्यवहार इतका फोफावला की १९५३ च्या राज्याभिषेकाला कित्येक लॉर्डमंडळी याच दुकानातून भाड्याने आणलेले झगे घालून बसली होती.

आपल्या विद्यार्थ्यांनी मात्र भाड्याचा मार्ग फारसा धरला नाही, कारण आपल्याकडे त्याहून स्वस्त सोय होती: ओळख. अमेरिकेत एम.एस. करताना माझ्या अंगावर जो करडा कोट होता तो माझ्याआधी निदान तिघांनी वापरला होता. एक जण नोकरी लागून कॅलिफोर्नियाला गेला, त्याने खोली, प्रेशर कुकर आणि कोट असा संच पुढच्याच्या स्वाधीन केला. खिशात आधीच्या कुणाच्या तरी वाणसामानाची यादी निघाली होती, त्यात ‘हिंग’ अधोरेखित. साठ-सत्तरच्या दशकात, परकीय चलन हातात नसताना गेलेली मंडळी याहून कितीतरी बिकट अवस्थेतून गेली. विद्यापीठाच्या गावातली चर्चं आणि यजमान कुटुंबं परदेशी मुलांना जुने कोट देत असत, म्हणून त्यांचा पहिला हिवाळा निभावला.

उसन्या कपड्यांची सगळ्यांत उंचीवरची गोष्ट एव्हरेस्टची आहे, आणि तिचा एक धागा चक्क पुण्यात येतो. १९२२ च्या ब्रिटिश मोहिमेत सगळे गिर्यारोहक लोकरीचे थर आणि ट्वीडची जाकिटं घालून निघाले. त्यांच्यात जॉर्ज फिंच नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी फुग्याच्या, म्हणजे आकाशात सोडायच्या मोठ्या फुग्याच्या कापडात आयडर बदकाची पिसं भरून गुडघ्यापर्यंतचा कोट शिवून घेतला. बाकीचे हसले. वर गेल्यावर हसू थांबलं आणि हेवा सुरू झाला. ऊब कापडात नसते, कापडात अडकून राहिलेल्या हवेत असते, हे फिंचना कळलं होतं. आज तुमच्या-आमच्या मुलांच्या अंगावर जी फुगीर जाकिटं दिसतात, त्यांच्या पूर्वजांत हा कोट धरावा लागेल. हेच फिंच १९५२ ते १९५७ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे आपल्या एनसीएलचे, संचालक होते. पाषाण रस्त्यावरून कितीदा तरी गेलो असेन, पण पिसांच्या कोटाचा जनक त्या फाटकाच्या आत बसत असे हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

१९५३ साली तेनसिंग नोर्गे शिखरावर पोचले तेव्हा त्यांच्या अंगावर काय काय होतं, हे त्यांनी आत्मचरित्रात मोठ्या प्रेमाने सांगितलं आहे. पायात आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमेचे बूट. मोजे पत्नी आंग ल्हामू यांनी विणलेले. स्वेटर हिमालयन क्लबच्या हेंडरसनबाईंनी दिलेला. लोकरीची कानटोपी अर्ल डेनमन यांची. १९४७ साली हे गृहस्थ जवळजवळ एकट्याने एव्हरेस्ट चढायला निघाले होते आणि तेनसिंग त्यांच्यासोबत होते. गळ्यात रेमंड लँबर्ट या स्विस मित्राने दिलेला लाल मफलर. वारा अडवणारं जाकीट ब्रिटिशांचं. जगातल्या सर्वांत उंच जागी उभा असलेला माणूस डोक्यापासून पायापर्यंत दुसऱ्यांनी दिलेल्या कपड्यांत होता, आणि ते सांगताना त्याला जराही कमीपणा वाटला नाही. भाड्याचा कोट घालून फोटो काढताना ज्यांना अवघडल्यासारखं होतं, त्यांना मी हे आवर्जून सांगतो.

मोहिमा संपल्यावर मागे राहिलेलं सामान शेर्पांना मिळे. त्यातलं बरंचसं नामचेबाजार आणि काठमांडूच्या दुकानांत विकायला आणि पुढे भाड्याने द्यायला येऊ लागलं. १९६४ साली जिमी रॉबर्ट्स या निवृत्त गुरखा अधिकाऱ्याने माउंटन ट्रॅव्हल ही कंपनी काढली. तुम्ही फक्त चाला, तंबू, स्वयंपाक, शेर्पा सगळं आम्ही देऊ, अशी तिची कल्पना. पुढच्या वर्षी तिच्या पहिल्या सफरीला आल्या तीन अमेरिकन बायका. गिर्यारोहक नसलेल्या माणसाला हिमालय मोकळा झाला तो असा. पण हे सारं चालणाऱ्यांसाठी. दोन मुलं, आजी-आजोबा आणि चिवड्याचा डबा घेऊन निघालेल्या कुटुंबासाठी भाड्याच्या कोटाची व्यवस्था जिथे रुजली, त्या जागांत माझ्या मते पहिला मान मनालीचा.

त्यामागे एक दुःखद कारण आहे. १९८० च्या दशकापर्यंत बर्फ म्हटलं की काश्मीर. गुलमर्गला जाताना तंगमर्गलाच कोट आणि लांब बूट भाड्याने मिळत, आजही मिळतात. १९८८ साली काश्मीर खोऱ्यात सुमारे सात लाख पर्यटक गेले होते. १९८९ च्या अखेरीस तिथे बंदुका सुरू झाल्या आणि पुढच्या काही वर्षांत हा आकडा काही हजारांवर आला. मे महिन्याची सुट्टी आणि एलटीसी मात्र तशीच होती. ती सगळी गर्दी कुलूच्या खोऱ्याकडे वळली. एकेकाळी सफरचंदाच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मनालीत हॉटेलांवर हॉटेलं उभी राहिली. १९९२ च्या ‘रोजा’ सिनेमात आपण जे काश्मीर पाहिलं त्यातलं बरंचसं मनालीतच चित्रित झालेलं होतं. पडद्यावर जे झालं तेच सहलींच्या जाहिरातींत झालं.

मनालीपासून ५१ किलोमीटरवर रोहतांग खिंड, उंची ३,९७८ मीटर. नावाचा अर्थ प्रेतांचं मैदान असा सांगतात. पलीकडच्या लाहौलमध्ये जाताना हिमवादळात सापडून इतकी माणसं गेली की खिंडीला तेच नाव पडलं. या खिंडीच्या रस्त्यावर, पलचान-कोठीच्या आसपास, कोटांची दुकानं लागतात. दुकानं कसली, पत्र्याच्या शेडी. प्रत्येकीवर मोठा आकडा. नावाला तिथे किंमत नाही, नंबरला आहे. ड्रायव्हर न विचारता गाडी नेमक्या एका नंबरापुढे उभी करतो आणि आपण ‘दुसरीकडे बघू या का?’ म्हणेपर्यंत दुकानदाराचा मुलगा तुमच्या मापाचा कोट घेऊन खिडकीशी आलेला असतो. माप तो नजरेने घेतो, फूटपट्टी नाही आणि चूकही नाही. अनामत नाही, पावती नाही, पासपोर्ट नाही. तारण म्हणजे ड्रायव्हर. त्याचं कमिशन त्यातच आलं, आणि मला त्यात फार वावगं वाटत नाही. आमच्या धंद्यात याला ‘पार्टनर चॅनेल’ म्हणतात. कोटाच्या पाठीवर आणि बुटावर दुकानाचा नंबर रंगवलेला असतो. वर बर्फात शेकडो माणसं पाठीवर आकडे घेऊन कैद्यांसारखी घसरत असतात, आणि संध्याकाळी प्रत्येक कोट बिनचूक आपल्या घरी परततो. डेटाबेसमध्ये ज्याला ‘प्रायमरी की’ म्हणतात ती इतकी साधी मी दुसरीकडे पाहिली नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो २०१३ च्या मे महिन्यात. माणशी दीडशे रुपये. सोबत आई होती, सहावारी साडीत. अंगभर घालायचा एकसंध सूट साडीवरून चढणार कसा? दुकानातल्या बाईंनी ‘माताजी, इधर आओ’ म्हणत तिला पडद्यामागे नेलं, साडी कासोट्यासारखी वर खोचून दिली आणि दोन मिनिटांत आई नारिंगी सुटात बाहेर आली. त्या बाईंनी अशा किती साड्या खोचल्या असतील देव जाणे. फिलाडेल्फियात आनंदीबाईंपुढे जो प्रश्न होता तोच हा, फक्त इथे तो सोडवायला कुणीतरी होतं आणि संध्याकाळी साडी पुन्हा मूळ पदावर येणार होती. आपल्या सिनेमातल्या नायिका तेवढ्या आल्प्समध्ये शिफॉन नेसून गाऊ शकतात. नायकाने मात्र नीट स्वेटर घातलेला असतो, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

या कोटांचीही उत्क्रांती झाली आहे. आधी होते ते ‘फर कोट’. नावाला फर, प्रत्यक्षात कृत्रिम धाग्याची लव असलेले जड कोट. दिसायला राजेशाही, पण भिजले की ओझं. मग आले चकचकीत नायलॉनचे सूट, आत पॉलिएस्टरचं भरण. पिसांची ऊब यांना नाही, पण पिसं भिजली की गोळा होऊन बसतात, पॉलिएस्टर तसं करत नाही आणि लवकर वाळतं. रोज नव्या माणसाच्या अंगावर जाणाऱ्या, रोज बर्फात लोळणाऱ्या कोटाला हेच वस्त्र योग्य. थंडीत खरा शत्रू ओल. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. म्हणूनच गमबूट. रबराला स्वतःची ऊब काहीच नाही, ते फक्त पाय कोरडा ठेवतं. ऊब मोज्यांनी द्यायची. यावरून घरच्या मंडळींसाठी माझा नियम असा: अंगाला चिकटणारं ते स्वतःचं, बाहेरून घालायचं ते भाड्याचं. थर्मल, लोकरी मोज्यांचे दोन जोड, हातमोजे, कानटोपी घरून न्यावी. कोट, विजार, बूट तिथे घ्यावेत. घेताना चेन दोनदा वर-खाली करून बघावी आणि बुटात हात घालून आत ओल नाही ना, ते पाहावं. लहान मुलांचा कोट मापापेक्षा फार मोठा घेऊ नये. आत अडकलेली हवा खालून निघून गेली तर कोटाचा नुसता तंबू होतो.

त्या खोऱ्यातल्या बायकांचं स्वतःचं वस्त्र मात्र निराळंच आहे. त्या पट्टू नेसतात, जाड लोकरीचं, घरच्या मागावर विणलेलं, खांद्यावर पिनांनी अडकवलेलं. भुट्टीच्या विणकरांची सहकारी संस्था १९४४ पासून आहे आणि कुलू शालींचं नाव आपण सगळेच जाणतो. हिडिंबा मंदिराजवळ हाच पट्टू, चांदीच्या दागिन्यांसकट, आपल्याला फोटोपुरता भाड्याने मिळतो, हातात धरायला पांढरा अंगोरा ससाही देतात. म्हणजे ज्यांच्याकडे थंडीचं खरं वस्त्र आहे त्यांच्याकडून आपण ऊब घेतो नायलॉनची, आणि त्यांची लोकर घेतो ती फोटोसाठी. व्यवहार म्हणून यात चूक काही नाही. मला आपलं हसू येतं.

या पत्र्याच्या शेडींचं बरं चाललं होतं तोवर बर्फच काळं पडू लागलं. हजारो गाड्यांचा धूर आणि काजळी हिमनदीवर बसते, तिने बर्फ लवकर वितळतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये आदेश काढले. रोहतांगला जाणाऱ्या गाड्यांवर दिवसाची मर्यादा आली, बाराशेची: आठशे पेट्रोलच्या, चारशे डिझेलच्या. वरचे घोडे नि स्नो-स्कूटर बंद झाले. स्थानिक लोकांनी पुष्कळ आंदोलनं केली. आपल्यासारख्या चार दिवसांच्या पाहुण्याला लवादाचं म्हणणं चटकन पटतं, पण ज्याचं वर्षाचं उत्पन्न मे-जूनच्या सहा आठवड्यांत होतं, त्याचा संताप मला समजतो. मग ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा उघडला. ज्या खिंडीने माणसं गिळली तिच्या पोटातून आता पंधरा मिनिटांत लाहौल. पर्यटकाला बर्फ सिस्सू आणि कोकसरला मिळू लागलं, तेही हिवाळ्यात. बोगद्याची वाट सोलंगकडून जाते, कोठी-गुलाब्याचा जुना रस्ता बाजूला पडला. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा माणशी साडेतीनशे दिले, आणि कोट घेतले ते नव्या रस्त्यावरच्या दुकानातून. जुन्या रस्त्यावरच्या आमच्या नंबराचं काय झालं, असं ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, उन्हाळ्यात उघडतात काही, बाकीच्यांनी सफरचंदं धरली.

काश्मीरही मधल्या काळात सावरलं होतं. गुलमर्गच्या गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ ला आणि दुसरा २००५ ला सुरू झाला, तंगमर्गच्या कोटवाल्यांना पुन्हा गिऱ्हाईक आलं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ पर्यटकांना गोळ्या घातल्या गेल्या. सव्वीस माणसं गेली, त्यांतली सहा महाराष्ट्रातली. सुट्टीच्या ऐन हंगामात तिथल्या खुंट्यांवरचे कोट पुन्हा जागच्या जागी राहिले.

आणि हा कोट आपल्या दाराशीही आलेला आहेच. २००५ च्या अखेरीस दुबईत, बाहेर पारा कितीही असो, आत उणे एक-दोन अंशांवर राखलेला साडेबावीस हजार चौरस मीटरचा बर्फाचा दांडगा डबा उघडला. स्की दुबई. तिथे तिकिटातच जाकीट, विजार आणि बूट येतात, कारण वाळवंटात राहणाऱ्याकडे ते नसणार हे गृहीत धरलेलं आहे. हातमोजे मात्र सुरुवातीच्या काळात विकत घ्यावे लागत, म्हणजे अंगाला चिकटणारं ते स्वतःचं, हा आमच्या घरचा नियम तिथेही होता. आपल्या मंडळातल्या पुष्कळ मुलांनी पहिलं बर्फ पाहिलं ते तिथेच, आणि पाहायला आलेल्या पुष्कळ आजींनीसुद्धा.

आता ज्यांच्याविषयी सहलीच्या पुस्तिकेत काही नसतं, त्यांच्याविषयी. नेपाळात ट्रेकरांचं सामान वाहणारे सगळेच काही शेर्पा नसतात. कित्येक जण खालच्या उष्ण खोऱ्यांतले शेतकरी असतात, शेतीचा हंगाम संपला की हमालीला येतात. त्यांच्या घरी कोट नसतो, तुमच्या-माझ्या घरी नसतो तसाच. फरक एवढा, की तो भाड्याने घेण्याइतके पैसेही त्यांच्यापाशी नसतात. पाठीवर दुसऱ्याची पिसांची जाकिटं बांधलेली आणि स्वतःच्या अंगावर सुती शर्ट, पायात चपला, अशा अवस्थेत पाच हजार मीटरच्या खिंडी ओलांडताना ही माणसं गारठून आणि उंचीच्या आजाराने गेलेली आहेत. १९९७ साली एका तरुण हमालाच्या मृत्यूनंतर हमालांच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला. त्याने धरलेला आग्रह साधा होता: हमालाला ज्या उंचीवर नेणार, त्या उंचीचे कपडे त्याला देणं हे नेणाऱ्याचं काम आहे.

काठमांडूत कीप नावाची एक संस्था आहे, १९९२ पासूनची. तिच्याकडे हमालांसाठी कपड्यांची बँक चालते. परतणारे ट्रेकर आपली जाकिटं, बूट, हातमोजे, गॉगल तिथे देऊन जातात. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल तर मुलांचे लहान झालेले नकोत, मोठ्यांच्या मापाचे कपडे न्या आणि चेन दुरुस्त करून न्या. कामावर निघालेला हमाल तिथे येतो, थोडी अनामत ठेवतो, जाकीट आणि बूट घेऊन जातो. ट्रेक संपला की परत आणून देतो आणि अनामत घेऊन घरी जातो.